'सेवकाई' मराठीत चालतं का? आणि 'आउटरीच'ला काय म्हणायचं?

मल्हारगंज, इंदूर
बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. आम्ही चार पानांची स्मरणपत्रिका काढतोय. ती मराठीत, कारण बाबांची भावंडं सगळी नगर-पुण्याकडे. आमची इंदूरमधली ही तिसरी पिढी. घरी मराठी, चर्चमध्ये हिंदी, असंच वाढलो.

मी लिहिलं होतं, "निवृत्तीनंतर सतरा वर्षं बाबांनी दर शनिवारी दवाखान्यापुढे सेवकाई केली." मजकूर आत्तेबहिणीला नगरला वाचायला पाठवला. तिने 'सेवकाई'वर काट मारून 'सेवाकार्य' केलं आणि बाजूला लिहिलं, "हा शब्द मराठी नाही." मला फार लागलं ते. हा शब्द मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. आजी शनिवारी दुपारी म्हणायची, "आज ह्याची सेवकाई आहे, मूग भिजव." आजी जन्मभर मराठीच बोलली.

दुसरी अडचण. चर्चच्या वहीत ह्या कामाचं नाव 'आउटरीच' आहे. पत्रिकेत तो शब्द तसाच ठेवावा का? काम काय होतं ते सांगते, म्हणजे शब्द सुचवायला सोपं जाईल. साडेपाचला बाबा स्कूटरच्या पायाशी पातेलं ठेवून निघायचे. खरगोन, झाबुआ, बडवानीकडून आलेल्या पेशंटांचे नातेवाईक दवाखान्याच्या ओट्यावर पथारी टाकून असतात, त्यांना मुगाची खिचडी वाढायचे. मग चष्मा लावून औषधाच्या चिठ्ठ्या वाचून द्यायचे, कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा ते सांगायचे. कुणी म्हटलं तर प्रार्थना करायचे. कुणी म्हटलं नाही तर नाही.

भिंगारवेस
ताई, बाबांच्या कामाला नमस्कार. पण तुमच्या बहिणीचं बरोबर आहे. सेवकाई हा हिंदी चर्चचा शब्द. हिंदी भाषक ख्रिस्ती लोक 'मिनिस्ट्री'ला सेवकाई म्हणतात. आमच्याकडे सेवा, सेवाकार्य, फार तर धर्मसेवा. माझी पणजी बायबलबाई होती, गावोगाव पायी फिरायची. तीही "सेवेला जाते" एवढंच म्हणायची.

शिवाय '-आई' लागलं की मराठी कानाला मजुरी ऐकू येते. शिलाई, धुलाई, रंगाई. "शिलाई किती झाली?" असं आपण विचारतो. सतरा वर्षं फुकट केलेल्या कामाला असा शब्द लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

लष्कर, ग्वाल्हेर
भिंगारवेस, '-आई' म्हणजे फक्त मजुरी हे कुठून काढलंत? चतुराई, शिष्टाई, भलाई, नवलाई. ह्यांत कसली मजुरी? शिष्टाचं वागणं ती शिष्टाई, तशी सेवकाची वृत्ती ती सेवकाई. मराठी शब्द जसे घडतात तसाच हा घडलाय.

आणि हा शब्द पाद्र्यांनी घडवलेला नाही. तुलसीदासांच्या रामचरितमानसात, अयोध्याकांडात तो आहे. रानातले कोल-किरात भरताबरोबर आलेल्या अयोध्येच्या लोकांना म्हणतात, "यह हमारि अति बड़ि सेवकाई। लेहिं न बासन बसन चोराई॥" तुमची भांडी-कपडे चोरत नाही हीच आमची मोठी सेवकाई. आमच्या ग्वाल्हेरच्या घरी आजोबा मराठी बोलायचे आणि संध्याकाळी मानस वाचायचे. हिंदी मुलखात दोनशे वर्षं राहिलेल्या मराठी माणसाच्या तोंडी असे शब्द असणारच. ते आमचे आहेत. पुण्या-नगरहून त्यांना मराठीपणाचा दाखला का आणायचा?

भिंगारवेस
दाखला कोण मागतंय? पत्रिका नगरला वाचली जाणार आहे. वाचणाऱ्याला शब्द अडला तर तो बाबांपर्यंत पोचेल कसा, एवढाच माझा प्रश्न.

सयाजीबाग, वडोदरा
लष्करांचं पटतं, पण थोडं निराळ्या कारणाने. आमच्याकडे सयाजीराव महाराजांनी 1931 साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' छापून घेतला. राज्यकारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द शेजारी शेजारी. मी तो लहानपणी वडिलांच्या टेबलावर पाहिलाय. त्यातून मी एक गोष्ट शिकले. एका शब्दाला चार भाषांतून चार बाजूंनी हात लावला की तो नीट कळतो.

'सेवा'चंच घ्या. इथल्या हवेलीत, म्हणजे कृष्णाच्या मंदिरात, पुष्टिमार्गी वैष्णव ठाकुरजींची पूजा 'करत' नाहीत, 'सेवा' करतात. स्नान, वस्त्र, भोग, सगळी सेवा. इकडे चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला 'सर्व्हिस' म्हणतात, म्हणजे पुन्हा सेवाच. मराठीत मात्र आपण उपासना एका खणात ठेवली आणि सेवा दुसऱ्या. त्यामुळे मल्हारगंजताईंच्या बाबांचं शनिवारचं काम रविवारच्या उपासनेपासून तुटल्यासारखं वाटतं. 'सेवाकार्य' तर आणखी तुटलेलं. त्यात समितीच्या अहवालाचा वास येतो. 'कार्य' लागलं की माणूस मागे पडतो.

दुभाषी
मी भाषांतराचं काम करते, म्हणून 'आउटरीच'बद्दल. सरकारी मजकुरात 'जनसंपर्क' किंवा 'संपर्ककार्य' करतात. दोन्ही इथे नकोत. जनसंपर्क म्हटलं की पत्रकं आणि फोटो डोळ्यांपुढे येतात. 'विस्तारकार्य' शेतीखात्याने घेतलाय. त्यात विस्तार चर्चचा, असाही अर्थ निघेल, आणि ते इथे खरं नाही.

मला 'पोच' शब्द आवडतो. हात पोचतो, आवाज पोचतो, पत्राची पोच मिळते. आणि मराठीत "त्याला पोच नाही" म्हणजे समोरच्याचं काय चाललंय ह्याची त्याला जाण नाही. पोचणं आणि जाणणं एकाच शब्दात. इंग्रजी शब्दात हे नाही. "मंडळीची पोच" असं शीर्षक का नको?

मल्हारगंज, इंदूर
दुभाषीताई, 'पोच' वाचून मी थांबलेच. बाबांना पोच होती, हे कुणीही म्हणेल. पण "मंडळीची पोच" वाचून आत्या विचारतील, कसली पावती?

वसईचा किनारा
एक बारीकशी गोष्ट. चर्चच्या समुदायाला 'मंडळी' म्हणणं प्रोटेस्टंटांचं. आम्ही कॅथलिक 'ख्रिस्तसभा' म्हणतो. आणि इमारतीला आमच्याकडे सर्रास देऊळ. "देवळात जाऊन येते." इंदूरला काय म्हणता?

मल्हारगंज, इंदूर
इमारतीला चर्चच. गावात लाल चर्च आणि पांढरं चर्च, रिक्षावाल्याला एवढं पुरतं. देऊळ म्हटलं तर तो खजराण्याच्या गणपतीला नेईल.

पाटीपुस्तक, इंदूर
सेवकाई इंदूरच्या मराठी घरात कशी आली ते उघड आहे. कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन 1877 मध्ये इथे आलं, 1887 मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघालं. मिशनची बोली हिंदी. नगरकडून जे मराठी ख्रिस्ती मास्तर, नर्सेस इकडे आले ते घरी 'ज्ञानोदय' हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक वाचणारे, चर्चमध्ये हिंदी गाणारे. दोन्ही शब्दसाठे एका तोंडात आले. ह्यात शुद्ध-अशुद्ध काय ठरवायचं?

पण मला वेगळी काळजी आहे. पत्रिका आपल्या मध्य प्रदेशातही वाटली जाईल. इथे 'प्रचार', 'सुवार्ताकार्य' असे शब्द छापले की लोक काय अर्थ काढतात ते आपण जाणतो. धर्मांतराविरुद्धचा कायदा इथे 1968 पासून आहे. म्हणून शब्द जपून. ताईंनी लिहिलेलं वाक्य, "कुणी म्हटलं तर प्रार्थना, नाही तर नाही," हेच पत्रिकेत जसंच्या तसं यावं. त्याला नाव नसलं तरी चालेल.

सिस्टर राणी मारियांची आठवण येते. उदयनगरच्या बाजूला आदिवासींना सावकाराच्या फासातून सोडवायला त्या झटल्या, आणि 25 फेब्रुवारी 1995 ला धावत्या बसमध्ये त्यांचा खून झाला. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये इंदूरलाच त्यांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं तेव्हा मी गर्दीत मागे उभा होतो. शेजारी उदयनगरकडचे एक म्हातारे होते. ते 'सेवा' म्हणाले नाहीत, 'कार्य' म्हणाले नाहीत. म्हणाले, "वो हमारे यहाँ आती थीं." आती थीं. येत असत. मला अजून ह्यापेक्षा नेमकं क्रियापद सापडलेलं नाही.

लष्कर, ग्वाल्हेर
पाटीपुस्तक, हे वाचून डोळे भरले. पण शब्द जपून ह्याच्याशी मी सहमत नाही. भीतीने शब्द निवडले की भाषा दबते. टिळकांनी, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, 1917 साली साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना एकत्र बसता यावं म्हणून. नाव बघा. दरबार! मिशनच्या कागदातून उचललेलं नाही. मराठी माणसाला ऐकताक्षणी कळणारं. तसं धाडस हवं.

भिंगारवेस
मग रमाबाईंचंही उदाहरण घ्या. पंडिता रमाबाई. 1896-97 च्या दुष्काळात तुमच्याच मध्य प्रांतातून त्यांनी मुली-बायका केडगावला आणल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना त्यांनी ठरवलं की खेड्यातल्या बाईला कळेल तीच भाषा. 1922 साली त्या गेल्या, तोवर ते काम चाललं होतं. एवढी मोठी संस्कृत पंडिता, पण शब्द निवडताना ऐकणारीकडे पाहिलं. मी 'सेवकाई' नको म्हणतो ते ह्याच पोटतिडकीने. माझ्या आईला तो कळणार नाही.

सयाजीबाग, वडोदरा
'सेवक' कळतो तर 'सेवकाई' का नाही कळणार? एकदा आईंना वाचून तर दाखवा.

उंबरठा
मी सेमिनरीत थोडं ग्रीक शिकलो, म्हणून लिहितो. नव्या करारात जिथे आपण 'सेवा' म्हणतो तिथे बरेचदा 'दिआकोनिया' आहे आणि करणारा 'दिआकोनोस'. ह्याचा जुना, रोजच्या वापरातला अर्थ पंगतीत वाढणारा. काना गावच्या लग्नात रांजण भरणारे नोकर आहेत ना, त्यांनाही योहानाने हाच शब्द वापरलाय. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायातलं भांडण आठवा. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, म्हणून सात जण नेमले. म्हणजे मंडळीतलं हे पद वाढण्याच्या गरजेतून आलं. आणि येशू शिष्यांना म्हणतो, मी तुमच्यामध्ये वाढणाऱ्यासारखा आहे. तिथेही हाच शब्द.

म्हणजे ताईंचे बाबा अक्षरशः दिआकोनोस होते. मराठीत त्याला शब्द आहे, फार साधा. वाढपी.

भिंगारवेस
वाढपी? लग्नातला? नाही हो. वडिलांना वाढपी म्हटलेलं घरच्यांना कसं वाटेल?

उंबरठा
त्या काळी ग्रीक ऐकणाऱ्यालाही तसंच वाटलं असेल. त्याने तो शब्द गुळगुळीत केला नाही. आपण 'सेवा' म्हणून केला.

दुभाषी
उंबरठा, ह्यावर मला एक जुनं क्रियापद आठवलं. 'ओगरणे', ज्ञानेश्वरीत 'वोगरणे', म्हणजे ताटात वाढणे. 'ओगराळं' त्यातूनच. पातेल्यातून वर काढून दुसऱ्याच्या ताटात घालायचं ते ओगरणं. 'आउटरीच'ला ह्याहून जवळचा शब्द मला दिसत नाही, पण आज कुणी बोलत नाही.

वसईचा किनारा
ओगराळं म्हणजे डावच ना?

सयाजीबाग, वडोदरा
नाही. डाव पसरट, दांडा तिरका. ओगराळं खोल वाटीसारखं, दांडा सरळ उभा, खोल भांड्यातून ताक किंवा आमटी काढायला. आमच्याकडे पितळी होतं, दांड्याच्या टोकाला आकडा, भांड्याच्या काठाला अडकवायला. पळी आणखी वेगळी, ती लहान.

पाटीपुस्तक, इंदूर
आमच्याकडे आई त्याला ओघराळं म्हणते. 'ग' की 'घ'?

दुभाषी
दोन्ही ऐकलंय. मूळ 'ओगर' म्हणजे अन्न, भात, असं माझे एक सर सांगायचे. तिथून 'ग'च असावा असं माझं मत.

लष्कर, ग्वाल्हेर
मला 'ओघ' जवळचा वाटतो. ओघाने पडतं ते ओघराळं.

दुभाषी
लष्कर, ओघ कशाला आणता? खिचडीला कुठे ओघ असतो?

मल्हारगंज, इंदूर
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. पत्रिका गुरुवारी छापायला द्यायचीय, मी अजून ठरवलेलं नाही. आत्तेबहिणीशी काल फोनवर बोलले. आजी 'सेवकाई' म्हणायची हे तिलाही आठवलं, पण ती म्हणते, बोलणं वेगळं आणि छापणं वेगळं.

ओगराळ्याचं सांगते. बाबांचं ओगराळं घरीच आहे, पितळी, दांडा उभा, टोकाला आकडा, सयाजीबागताईंनी लिहिलं तसंच. एका बाजूने ते झिजून पातळ झालंय, कारण बाबा डावरे होते आणि पातेल्याच्या त्याच कडेला दर वेळी घासायचे. आत्ता स्वयंपाकघरात जाऊन पाहून आले. मोठ्या माणसाला दोन, पोराला एक आणि वर पुन्हा अर्धं, असं त्यांचं माप होतं. त्या वरच्या अर्ध्याला आजी काहीतरी म्हणायची, नगरकडचा शब्द होता, तोंडावर आहे आणि आठवत नाही. ताटात वरून थोडं जास्तीचं घालतात त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?

भिंगारवेस
वरकड? आईला विचारून सांगतो.