फॅमिली ग्रुपवरची चर्चा: निनादच्या एमएक्स-५ चा टर्बो

निनाद (लेस्टर): श्रीरंगकाका, तृप्तीताई, गाडीबद्दल विचारायचं आहे. १९९० ची माझदा एमएक्स-५, १.६ इंजिन. टर्बो आधीच्या मालकाने बसवलेला. टी२५ टर्बो, ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पुढे इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा), बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा जादा दाब) ०.५ बार. इंजिनाचा कॉम्प्युटर मूळचाच आहे. इंधन वाढवायला बूस्टबरोबर प्रेशर चढवणारा रेग्युलेटर लावलेला आहे. तक्रारी चार:
मोटरवेवरून उतरून सिग्नलला थांबलं की मागून निळा धूर.
४५०० आरपीएमच्या पुढे बूस्टमध्ये गाडी अडखळते.
टर्बो आणि मॅनिफोल्डमधले नट दर दोन-तीनशे मैलांनी ढिले होतात, टक-टक आवाज येतो.
चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून खडखड येते. टेम्परेचरचा काटा मात्र मध्यावरच.

श्रीरंगकाका: चौथी तक्रार सगळ्यात आधी. ती खडखड म्हणजे नॉकिंग, मिश्रण आपोआप, स्फोटासारखं पेटणं. ते थांबेपर्यंत बूस्टमध्ये गाडी घालू नकोस, उजवा पाय हलका ठेव. निळ्या धुरावर इंजिन महिनाभर चालेल. नॉकिंगने मात्र एकाच चढावर पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटू शकते, आणि मग पूर्ण इंजिन खोलावं लागतं.

तृप्ती (कॉव्हेंट्री): निनाद, आधी कॉम्प्रेशन बघ. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन बंद. आकडे किती येतात यापेक्षा आपसात किती फरक आहे ते महत्त्वाचं. चौघांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर बाकी सगळं बाजूला ठेव. त्यात चौथा सिलिंडर, म्हणजे फायरवॉलकडचा, कमी आला तर लगेच कळव.

निनाद: चौथाच का?

श्रीरंगकाका: कारण हे इंजिन मुळात आडव्या बसवणीचं. माझदाच्या ३२३ मध्ये बी६ इंजिन आडवं बसायचं आणि थर्मोस्टॅट हेडच्या दुसऱ्या टोकाला असायचा. पाणी पंपाकडून आत शिरायचं, चारही सिलिंडरांवरून जाऊन पलीकडून बाहेर पडायचं. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभं झालं, मागे फायरवॉल आली, म्हणून पाण्याचं तोंड पुढे आणलं. आता पाणी पुढूनच शिरतं आणि बरंचसं पुढूनच निघून जातं. मागे जातं ते फक्त हीटरच्या पाइपापुरतं. मूळच्या ११५ अश्वशक्तीला ते पुरतं. टर्बो लावल्यावर चौथा सिलिंडर इतरांपेक्षा गरम राहतो आणि नॉकिंग तिथे आधी सुरू होतं. सेन्सर एकाच जागचं तापमान सांगतो, त्यामुळे काटा मध्यावर दिसला तरी चौथ्याची खात्री देता येत नाही.
उपाय जुना आणि खात्रीचा आहे: थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेणं. त्याला तिकडे कूलंट रीरूट म्हणतात. मागचं झाकण काढून तिथे थर्मोस्टॅटचं घर बसवायचं, तिथून रेडिएटरच्या वरच्या तोंडापर्यंत लांब होज आणायचा, पुढचं जुनं तोंड बंद करायचं. इंजिन गाडीत असताना मागे हात जेमतेम जातो. एक शनिवार-रविवार त्यात जाईल हे धरून चाल.

तृप्ती: काका, रीरूट हवाच. पण आत्ताची खडखड बहुतेक इंधनाची आहे. या गाडीत हवा मोजायला झडपेचा मीटर आहे. हवेच्या ओढीने झडप उघडते आणि कॉम्प्युटर तिचा कोन वाचतो. झडप एकदा पूर्ण उघडली की त्यापुढची हवा कॉम्प्युटरला दिसतच नाही. शिवाय मूळ कॉम्प्युटरला बूस्ट म्हणजे काय हेच माहीत नाही, इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांमधला) दाब मोजणारा सेन्सर त्याला नाही. त्यामुळे तो इग्निशन मागे घेत नाही (ठिणगी उशिरा पाडत नाही), बिनटर्बोचंच टायमिंग देत राहतो. बूस्टमध्ये ते फार पुढे पडतं.
आता इंजेक्टर. मूळचे मिनिटाला साधारण २१० सीसीचे. बूस्टमध्ये मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त) ठेवायचं तर एका अश्वशक्तीला तासाला सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल धर. तुला १८० अश्वशक्ती हवी असेल तर १८० गुणिले २७० म्हणजे साधारण ४९ किलो तासाला. चार इंजेक्टर, प्रत्येकी १२ किलोच्या वर. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून १५ किलोचा हवा. पेट्रोलची घनता ०.७४ धरली की मिनिटाला ३४५ सीसी. हाच हिशेब उलटा केला तर २१० सीसीचे इंजेक्टर बूस्टमध्ये ११० अश्वशक्तीलाच संपतात. ती तूट तो रेग्युलेटर प्रेशर चढवून भरतो, पण प्रेशर चढलं की पंपाचा प्रवाह घटतो. नेमकं गरज असते तेव्हाच इंधन कमी पडतं.

निनाद: मग ४५० सीसीचे इंजेक्टर घेऊ का?

तृप्ती: घे, पण आधी कॉम्प्युटर बदल. मूळ कॉम्प्युटरवर मोठे इंजेक्टर लावलेस तर गाडी स्लोवरच गुदमरेल. मेगास्क्वर्ट (आकडे स्वतः लावता येणारा इंजिन कॉम्प्युटर) या गाडीला सरळ बसतं, मूळच्या सॉकेटात लागणारे प्रकारही मिळतात. ते बसवलं की झडपेचा मीटर काढून टाकायचा. हवा दाब आणि तापमानावरून मोजली जाते. त्यासाठी हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरच्या पुढे, थ्रॉटलजवळच्या पाइपात बसव. इंटरकूलरच्या आधी बसवलास तर आकडे चुकतील.
एक गोष्ट बऱ्याच जणांकडून राहून जाते. १.६ च्या मॅन्युअल गाडीत थ्रॉटलचा सेन्सर म्हणजे नुसता स्विच आहे. बंद आणि पूर्ण उघडा, एवढंच सांगतो. ॲक्सिलरेटर झटकन दाबल्यावर जास्तीचं इंधन द्यायला खरा फिरता सेन्सर लावावा लागतो, नाहीतर मॅनिफोल्डचा दाब किती वेगाने चढतो त्यावरून ते ठरवावं लागतं.
इंधन पंप तासाला १९० लिटरचा पुरे. २५५ चा घेतलास तर स्लोवर मूळ रेग्युलेटरला तेवढं पेट्रोल परत टाकीत सोडता येत नाही आणि प्रेशर वर राहतं. तो चढता रेग्युलेटर काढून मूळचा लाव.

श्रीरंगकाका: इंटरकूलर असला तरी हवा किती तापते ते डोक्यात ठेव. बाहेर ३० अंश आहे, ०.५ बार बूस्ट, कंप्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के. हवा टर्बोतून ८५ अंशांच्या आसपास निघते. ७० टक्के काम करणारा इंटरकूलर ती ४७ पर्यंत आणतो. रेडिएटरला चिकटवून, मध्ये फट न ठेवता बसवलेला इंटरकूलर मात्र तेवढं काम करत नाही. दोघांच्या मध्ये जागा हवी आणि बाजूने पत्रे लावून हवा आतच वळवायला हवी. तुझ्याकडे पत्रे आहेत?

निनाद: नाहीत. फट एका बोटाची.

श्रीरंगकाका: ॲल्युमिनियमचा दीड मिलिमीटरचा पत्रा आण. बंपरच्या तोंडापासून रेडिएटरच्या दोन्ही कडांपर्यंत. स्वस्तातलं काम, उपयोग मोठा.

प्रभाआत्या: निनाद, इन्शुरन्सला टर्बो कळवला आहेस ना? तुमच्याकडे गाडीत बदल केलेला सांगितला नाही तर क्लेम नाकारू शकतात, पॉलिसीही रद्द होऊ शकते. टर्बो, इंटरकूलर, कॉम्प्युटर, ब्रेक, प्रत्येक गोष्ट लेखी कळव.

निनाद: टर्बो कळवलाय आत्या. कॉम्प्युटर बदलला की तोही कळवतो.

तृप्ती: एमओटीचं (गाडीच्या वार्षिक सरकारी तपासणीचं) पण बघ. १ ऑगस्ट १९९२ च्या आधी रस्त्यावर आलेल्या गाडीला कॅटलिस्टवाली कडक चाचणी लागत नाही. धुरात सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) १२०० पीपीएम, एवढी मर्यादा. मेगास्क्वर्टवर स्लोचं मिश्रण नीट लावलं तर अडचण नाही.

श्रीरंगकाका: आता निळा धूर. टर्बोचं सील म्हणजे रबरी सील नव्हे. शाफ्टवर पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक रिंग असते. तेल खाली सहज निघून गेलं तरच ती तेल रोखते. ड्रेन (टर्बोतलं तेल खाली परत नेणारा होज) तुंबला की मधल्या घरात तेल साचतं आणि एक्झॉस्टच्या बाजूने बाहेर पडतं. म्हणून आधी ड्रेन बघ, टर्बोवर संशय नंतर. होज आतून १६ मिलिमीटरच्या आसपास हवा. कुठेही वळसा किंवा खोलगट भाग नको. टर्बोचं ड्रेनचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेलं नको. आणि होज संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) तेलाच्या पातळीच्या वर उतरला पाहिजे.

निनाद: माझा होज सब-फ्रेमच्या वरून वळून जातो. मध्ये जरा चपटा झालाय.

श्रीरंगकाका: तिथेच घोटाळा आहे. संपवर नवी जागा करायची तर संप काढूनच कर. काढायचा नसेल तर ड्रिल आणि टॅपला भरपूर ग्रीस लाव, कीस त्यात चिकटून येतो. शेवटी दोन लिटर स्वस्त तेल ओतून ड्रेन बोल्टमधून वाहू दे. एक कण बेअरिंगमध्ये गेला तर इतका खटाटोप फुकट.
त्याबरोबर पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा) तपास. काढून हलव, खुळखुळला पाहिजे. इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूने फुंकलास तर हवा अजिबात जाता कामा नये. गेली तर बूस्टचा दाब क्रँककेसमध्ये शिरतो आणि तेल खाली उतरूच शकत नाही. बऱ्याच वेळा धूर या छोट्याशा व्हॉल्व्हचा असतो आणि लोक टर्बो उघडून बसतात.

निनाद: टर्बोला तेल आणणाऱ्या फीडमध्ये रिस्ट्रिक्टर (प्रवाह कमी करणारं बारीक भोक) लावू का? कोणी म्हणतं १ मिलिमीटरचा लाव.

श्रीरंगकाका: तो बॉल बेअरिंगच्या टर्बोला. तुझा टी२५ साध्या बेअरिंगचा आहे, त्याला तेल भरपूर लागतं. लावू नकोस. मूळ डॅशवरचा ऑइल प्रेशरचा मीटर तुझ्या सालच्या गाडीत खरा दाब दाखवतो (१९९५ पासून तो नुसता हो-नाही दाखवायला लागला), तो बघत जा. फीड त्याच्याच सेंडरच्या (दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) जागी टी लावून घेतलेला असेल, तिथे गळती आहे का पाहा.

तृप्ती: ४५०० च्या पुढचं अडखळणं इग्निशनचं वाटतं. सिलिंडरात हवा जास्त कोंबली की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात. मूळचा गॅप १.१ मिलिमीटर, तो ०.७ कर. प्लग एक पायरी थंड, एनजीकेचा बीकेआर७ई. मूळ बीकेआर६ई बूस्टला गरम पडतो. प्लगच्या वायरी या गाडीत लवकर खराब होतात, त्या जुन्या असतील तर बदलूनच टाक. आणि वाइडबँड (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा मीटर) लावल्यावर एक लक्षात ठेव: मिसफायर होतो तेव्हा न जळलेला ऑक्सिजन बाहेर जातो, म्हणून मीटर मिश्रण पातळ दाखवतो. ते पाहून इंधन वाढवू नकोस, आधी ठिणगी दुरुस्त कर.

निनाद: आणि ढिले होणारे नट?

श्रीरंगकाका: टी२५ ज्यावर बसतो त्या टी२ फ्लँजवर साधारण एम८ चे स्टड असतात. मॅनिफोल्ड लाल होऊन पुन्हा थंड होतो तेव्हा स्टड ताणले जातात आणि पकड जाते. फ्लँजची भोकं एम१० ला मोठी करून घे आणि इनकोनेलचे (उष्णता सहन करणाऱ्या मिश्रधातूचे) स्टड घाल. महाग आहेत, पण एकदाच. स्टेनलेसचे नट स्टडवर चिकटून बसतात, ते टाळ. नटांखाली वाकवून लॉक करायच्या पट्ट्या लाव. त्याआधी फ्लँज सपाट आहे का, काचेवर किंवा सरळ पट्टीने बघ. वाकडी असेल तर कुठलाही स्टड टिकणार नाही.
पण खरं कारण बऱ्याचदा खालीच असतं. डाउनपाइपचं (टर्बोतून खाली जाणाऱ्या एक्झॉस्ट पाइपाचं) वजन टर्बोला लटकतंय का? गिअरबॉक्सला ब्रॅकेट घेऊन पाइपाला आधार दे आणि मध्ये लवचीक जाळीचा तुकडा असू दे. इंजिन हलतं, सायलेन्सर हलत नाही, त्या ओढाताणीचा भार स्टडवर येतो. पहिल्या तीन-चार वेळा गरम-थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क रेंच लाव.

तृप्ती: क्रँकच्या पुलीकडे पण एक नजर टाक. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचं नाक आखूड आहे. पुलीला चार खाचा दिसल्या तर आखूड, आठ दिसल्या तर लांब. आखूड नाकावर बोल्ट ढिला पडला की चावीची खाच खाल्ली जाते आणि टायमिंग हळूहळू सरकतं. पुली डगमगताना दिसली तर ट्यूनिंगच्या आधी ते काम.

निनाद: पाहिलं. चार खाचा आहेत, पण पुली सरळ फिरते.

श्रीरंगकाका: मग बोल्टला हात लावू नकोस. टायमिंग बेल्टच्या वेळी नवा बोल्ट घाल.

प्रभाआत्या: हे सगळं केल्यावर बूस्ट किती ठेवायचा?

श्रीरंगकाका: ०.५ बारच. १९९१ च्या सुमारास ब्रॅक्लीच्या बीबीआर या ट्यूनिंग कंपनीने माझदा यूकेच्या संमतीने टर्बो एमएक्स-५ विकली, तिची ताकद १५० बीएचपीच होती. माझदाने स्वतः २००४ मध्ये टर्बो काढला तो १.८ इंजिनावर, १७८ अश्वशक्तीचा. निनादच्या १.६ चे कनेक्टिंग रॉड मूळचे आहेत. चाकांवर २०० अश्वशक्तीच्या पुढे त्यांचा भरवसा नाही, आणि त्यातही कमी आरपीएमला येणारा मोठा टॉर्क रॉड वाकवतो. ३००० ला पूर्ण बूस्ट देऊ नये, ४००० पर्यंत हळूहळू चढू द्यावा. मागचं डिफरेन्शियलही १.६ मध्ये लहान आहे, ६ इंची. ट्रॅकवर न्यायची तर १९९४ नंतरच्या १.८ चं ७ इंची आण, मागच्या दोन्ही शाफ्टांसकट. क्लच घसरायला लागला तर १.८ चं फ्लायव्हील आणि २१५ मिलिमीटरची प्लेट सरळ बसते.

तृप्ती: निनाद, मेगास्क्वर्ट चालू झाल्यावर पहिलं काम टायमिंग लाइटचं. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर स्थिर कर आणि पुलीच्या खुणेवर खरंच १० दिसतं का बघ. हे जुळलं नाही तर कॉम्प्युटरच्या टायमिंगच्या टेबलातला एकही आकडा खरा नाही. मग बूस्टमध्ये दर १ पीएसआयला (साधारण ०.०७ बार) १ अंश मागे, एवढ्यापासून सुरुवात. हवा-इंधन गुणोत्तर आरामात चालताना १४.७, पूर्ण थ्रॉटलला बूस्टशिवाय १२.८, ०.५ बारला ११.५. पेट्रोल ९९ आरओएनचं (ऑक्टेन) ई५ भर, साधं ई१० नाही. टेबल ९९ वर लावल्यावर एखाद्या दिवशी ९५ भरलंस तर त्या दिवशी बूस्ट नाही.

निनाद: क्रम असा धरतो: कॉम्प्रेशन, ड्रेन आणि पीसीव्ही, प्लग आणि वायरी, स्टड आणि ब्रॅकेट, मग कॉम्प्युटर-इंजेक्टर-पंप एकत्र. रीरूट ट्यूनिंगच्या आधी की नंतर?

श्रीरंगकाका: आधी. तापमान बदललं की नॉकिंगची सीमा बदलते, टेबल पुन्हा लावायला लागेल. आणि कॉम्प्युटर येईपर्यंत वेस्टगेटच्या (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेच्या) पत्र्याला वायरने बांधून उघडा ठेव, म्हणजे बूस्ट जवळजवळ येणारच नाही. कामाला जायला गाडी चालेल.

तृप्ती: कॉम्प्युटरचा लॉग पाठवताना आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, एएफआर (हवा-इंधन गुणोत्तर), हवेचं तापमान, कूलंटचं तापमान, इंजेक्टरची ड्यूटी (किती टक्के वेळ उघडा) आणि इग्निशनचा कोन, एवढे रकाने असू देत. तिसऱ्या गिअरमध्ये २५०० पासून ६५०० पर्यंत एकच ओढ, सपाट रस्त्यावर. फोटो नको, फाइलच पाठव.