शिकागोतल्या उन्हाळी मैफलींचा बेत : घरच्या ग्रुपवरील चर्चा

विनय (नेपरव्हिल): नाना, आई, तुमची विमानाची तिकिटे मेअखेरची पक्की झाली आहेत. त्यामुळे जूनमधला एक बेत आत्ताच ग्रुपवर मांडतो, म्हणजे सुलूआत्या आणि शिरीषकाकांनाही मत देता येईल. शिकागोत दरवर्षी जूनच्या सुरुवातीला ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताचा, महोत्सव भरतो. तो १९८४ साली सुरू झाला, त्याचे आयोजन शहराचा सांस्कृतिक विभाग करतो आणि प्रवेश विनामूल्य असतो. पूर्वी तो ग्रँट पार्कमध्ये होत असे, २०१७ पासून शेजारच्या मिलेनियम पार्कमध्ये होतो. त्यानंतर त्याच पार्कमध्ये ऑगस्टपर्यंत आठवड्यातल्या काही संध्याकाळी मोफत मैफली असतात, ज्यांत ब्लूजबरोबरच त्याच्या आसपासचे आणि दूरदूरचेही लोकसंगीत ऐकायला मिळते. महोत्सवातली एक दुपार आणि पुढे एखादी निवांत संध्याकाळ, असा माझा विचार आहे.

शिरीषकाका (कोल्हापूर): बेत चांगला आहे, पण मोफत म्हटले की झुंबड आलीच. मागच्या खेपेला तू मला हायलंड पार्क उपनगरातल्या रॅव्हिनियाला, त्या उघड्यावरच्या मैफलींच्या जागी, नेले होतेस. तिथे तिकीट काढावे लागते हे खरे, पण गाडी थेट दारात उतरवते, हिरवळीवर सतरंजी टाकून घरचे डबे उघडता येतात, आणि १९०४ पासून चालत आलेल्या त्या जागेला एक घरंदाजपणा आहे. दादाला, म्हणजे तुझ्या नानांना, गुडघ्यांचा त्रास आहे, हेही लक्षात घ्या. शिवाय या मंडळींचा आवाज फार मोठा असतो. गिटार हे मुळात हळुवार वाद्य आहे, त्याला विजेची जोड देऊन कानठळ्या बसवण्यात काय हशील आहे, हे मला कळलेले नाही.

विनय: काका, रॅव्हिनियाचा निवांतपणा मान्य आहे, पण विजेच्या बाबतीत मात्र मी वाद घालणार आहे, कारण शिकागोच्या ब्लूजची सगळी गोष्ट त्या विजेतच आहे. मडी वॉटर्स हे मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल नावाच्या मळ्यावर राबणारे गायक होते. १९४१ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स या लोकसंगीताच्या संग्राहकाने अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी त्यांचे गाणे तिथे जाऊन ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्यांच्या हातात साधी, विजेविना वाजणारी गिटार होती. दोन वर्षांनी ते शिकागोला आले आणि शहराच्या दक्षिण भागातल्या गुत्त्यांत वाजवू लागले. तिथे दिवसभर कारखान्यात खपलेली माणसे पीत, बोलत आणि नाचत असत, त्या गोंगाटात लाकडी गिटार कुणाच्या कानावर पडणार? विजेची गिटार त्या गरजेतून आली. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात तर वादक शेजारच्या दुकानातून किंवा घरातून वायर ओढून घेऊन रस्त्यावर वाजवत असत. महोत्सव ज्या वर्षी सुरू झाला, त्याच्या आदल्याच वर्षी मडी वॉटर्स गेले.

आणखी एक सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेतला वर्णद्वेष आणि कापसाच्या शेतावरची वेठ टाळून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडे आली, त्यांतली मिसिसिपीची बरीचशी माणसे इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागोत उतरली. तिचे जुने स्थानक ग्रँट पार्कच्या दक्षिण टोकाला होते, ते आता पाडले आहे. मिलेनियम पार्क तर त्याच कंपनीच्या रुळांवर छत घालून उभारलेला आहे आणि आजही त्याच्या पोटातून लोकल धावते. हे सगळे त्याच जागी बसून ऐकायचे, म्हणून माझा हट्ट आहे.

नाना (पुणे): इतिहास पटला. आता माझी शंका. तू पाठवलेल्या ध्वनिफिती मी तीन-चार वेळा ऐकल्या, पण प्रत्येक गाण्याची चाल मला थोड्याफार फरकाने सारखीच वाटते. एक ओळ म्हणतात, तीच पुन्हा म्हणतात, मग तिसरी वेगळी म्हणतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. यात गायकाने नवे काय केले, हे आमच्यासारख्याने कसे ओळखायचे?

सुलूआत्या (ठाणे): दादा, तू इतकी वर्षे विलंबित एकताल ऐकतोस, तेव्हा आवर्तन तेच आहे म्हणून कधी कुरकुर केली नाहीस! इथेही तसेच ऐक. चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन धर. गायक ओळ म्हणून थांबतो आणि उरलेल्या जागेत गिटार त्याला उत्तर देते. त्या उत्तरात काय भरले आहे, तिकडे कान ठेव. शेवटच्या दोन खंडांत वादक पुन्हा पहिल्या मात्रेकडे कसा वळतो, हेही ऐकण्यासारखे असते. दुसरी गोष्ट गंधाराची. यांचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो, आणि पेटीवर तो काढू गेलास तर सापडणार नाही. निषादाचेही तसेच. काही वादक बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून तारेवरून घसरवतात, त्यातून निघणारी मींड तुला लगेच ओळखीची वाटेल. पंडित विश्वमोहन भट्ट यांना अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबरच्या ज्या ध्वनिमुद्रणासाठी ग्रॅमी मिळाले, त्यात मोहनवीणा आणि अशी गिटार या दोन वाद्यांचा संवादच आहे.

मी २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवाला गेले होते. तिथे वाजवणारे शिकागोचे ब्लूज गिटारवादक बडी गाय यांचे वय तेव्हा ७४ होते. एका क्षणी ते इतके हळू वाजवू लागले की मागे चाललेली कुजबुज लोकांनी आपणहून थांबवली, आणि मग पुढच्याच खंडात त्यांनी गिटार अशी काही कडाडवली की शिरीषचा कानठळ्यांचा मुद्दाही मला क्षणभर पटला असता. तो लहान-मोठा आवाज हाच त्यांच्या वाजवण्यातला विचार असतो, नुसता गोंगाट नसतो.

आई (पुणे): मला ताल-सुराचे एवढे कळणार नाही. ते काय गातात ते कुणीतरी सांगा. रडगाणीच असतात का?

रेवती (नेपरव्हिल): आई, दुःख असते, पण रडणे फारसे नसते. घरमालक, रेल्वे, सोडून गेलेला नवरा, उधारी, पूर, अशा विषयांवर तिरकस आणि कधी बऱ्यापैकी चावट भाषेत टोले मारलेले असतात. तुम्हाला कोको टेलर या गायिकेचे गाणे मी आधी घरी ऐकवीन. मेम्फिसजवळच्या वाट्याने दुसऱ्याची शेती कसणाऱ्या मजुराची ही मुलगी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोला आली, उत्तरेकडच्या श्रीमंत उपनगरांत लोकांच्या घरी साफसफाई करू लागली आणि रात्री क्लबात गाऊ लागली. पुढे लोक तिला ब्लूजची राणी म्हणू लागले. आवाज असा की समोरच्याची उलट उत्तर देण्याची हिंमत होणार नाही. तुमच्या भजनी मंडळाच्या दृष्टीने गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले भक्तिसंगीत, अधिक जवळचे वाटेल. ज्या टॉमस डॉर्सी यांनी शिकागोच्या चर्चमध्ये त्याला आजचे रूप दिले, ते आधी ब्लूजचेच पियानोवादक होते.

आता व्यवस्थेचे पाहू. मिलेनियम पार्कमधल्या मोठ्या मंडपाची रचना फ्रँक गेरी यांची आहे. पुढे सुमारे चार हजार खुर्च्या आणि मागे सात हजार माणसे बसतील एवढी हिरवळ आहे. हिरवळीवर पोलादी नळ्यांची जाळी आहे आणि ध्वनिवर्धक तिच्यावर टांगलेले असल्यामुळे मागे बसूनही शब्द स्वच्छ ऐकू येतात. शिरीषकाका, आवाज एकाच टोकाकडून अंगावर येत नाही, तेव्हा तुमची तक्रार निम्म्याने तरी कमी व्हावी. नानांना जमिनीवर बसवायचे नाही, म्हणून मी दुपारी लवकर पोहोचून खुर्च्या धरीन. नेपरव्हिलहून रेल्वेने युनियन स्टेशनला उतरायचे आणि पुढचा मैलभर रस्ता चालत न जाता टॅक्सीने जायचे. ऊन कडक असते, पण मिशिगन सरोवरावरून वारा सुटला की जूनमध्येही गारठा वाजतो, त्यामुळे आईंनी शाल बरोबर ठेवावी. डबा आत नेता येईल की नाही, ते त्या वर्षीचे नियम पाहून कळवते.

नाना: ठीक आहे. महोत्सवाची एक दुपार नक्की करा, मात्र ती शनिवारची नको, शिरीष म्हणतो ती झुंबड शनिवारीच असणार. जुलैतली मोफत संध्याकाळ आम्ही दोघे आल्यावर ठरवू. आणि रॅव्हिनियाही सोडायचे नाही, तिथले तिकीट माझ्याकडून. सुलू, तुझे ते ४८ मात्रांचे गणित आज पेटी बाजूला ठेवून हातावर मोजून पाहिले. तिसऱ्या गाण्यात जमले, चौथ्यात तो गृहस्थ एक खंड खाऊन पुढे गेला.

सुलूआत्या: जुने, एकटे वाजवणारे असतील तर तसे करतात, दादा. बरोबर साथीदार नसला की ते खंड स्वतःच्या मर्जीने लांबवतात किंवा तोडतात. तू बरोबरच मोजलेस.

शिरीषकाका: बहुमत झाले आहे, तेव्हा माझा विरोध मागे घेतो. फक्त एक काम करा. ही मंडळी माउथ ऑर्गन मूळ पट्टीत न वाजवता त्याच्या पंचमाला षड्ज मानून वाजवतात, म्हणून ‘ई’मधल्या गाण्याला ‘ए’ पट्टीचे वाद्य लागते. माझ्याकडे फक्त ‘सी’ आहे. विनय, दहा छिद्रांचे एक ‘ए’ पट्टीचे घेऊन ठेव आणि दादाबरोबर पाठव. पैसे मी त्याच्या हातात देईन.