गिनेस जड नाही हो!
स्टाऊट, म्हणजे गिनेससारखी काळी बियर, जड आणि पोट भरणारी असते असं बरेच जण म्हणतात, पण गिनेस ड्राफ्टमध्ये अल्कोहोल फक्त 4.2 टक्के आहे, नायट्रोजनमुळे तो सायीसारखा दाट फेस येतो म्हणून तसं वाटतं एवढंच. गव्हाच्या बियरमध्ये मात्र आपलं मत पक्कं, वायनस्टेफानर हेफेवाइसबियर! केळं आणि लवंगेचा जो वास येतो ना तो सगळा यीस्टचा प्रताप, वरून काही घालत नाहीत, आणि प्लीज त्यात लिंबू पिळू नका राव. पिल्सनर (फिकट सोनेरी लागर बियर) म्हटलं की चेक देशातली पिल्सनर उर्केल, 1842 पासूनची, विषय संपला. जर्मनीतल्या बाम्बेर्गची श्लेंकेर्ला ही धुरकट बियर मिळाली तर सोडू नका, तिचं माल्ट (मोड आणलेलं धान्य) बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, पहिला घोट विचित्र लागतो पण अर्धा ग्लास होईपर्यंत जमतं. आयपीए (इंडिया पेल एल) मला झेपत नाही, उगाच कडू.