मदत हवी आहे : मेसवर जेवते, शाकाहारी आहे, रक्त कमी निघालं, ४००० रुपयांत काय खाऊ?

खिडकीपाशी
पुण्यात राज्यसेवेची तयारी करते. परवा अभ्यासिकेच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, मैत्रिणीने धरलं म्हणून पडले नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.१, बी १२ पण कमी. डॉक्टर म्हणाले, खाण्याकडे लक्ष दे. घरात माळ आहे, मी पण माळकरी आहे. अंडं-मांस सुरू करणार नाही, कृपया तो सल्ला देऊ नका. खाण्यावर महिन्याला ४००० च्या वर जात नाही. यूट्यूबवर बघावं तर बदाम, पनीर, प्रोटीन पावडर. दुपारी ३ नंतर पुस्तक समोर असतं आणि एक ओळ डोक्यात शिरत नाही. स्वस्तातलं काय खायचं ते सरळ सांगा. पूर्व परीक्षा जवळ आली आहे, लवकर सांगा प्लीज.

कढीलिंब
४००० मेस धरून की मेस सोडून? खोलीत गॅस आहे का? दूध-दही चालतं ना? वजन किती? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की नुसतं 'लक्ष दे'?

रानवाट
बाजरी खा. बाकी काही शोधायची गरज नाही. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या बाजरीची भाकरी आणि ठेचा, कुणाचं रक्त कमी झालेलं ऐकलं नाही. इक्रिसॅट ही पीक संशोधन संस्था आणि राहुरी कृषी विद्यापीठ यांनी मिळून धनशक्ती नावाचं वाण काढलं, ते २०१२ ला महाराष्ट्रात आलं, खास जास्त लोह असलेलं. पुण्यात मार्केट यार्डाच्या भुसार विभागात बाजरी घ्या आणि गिरणीतून दळून आणा. पीठ मात्र आठवड्याचंच दळा, बाजरीचं पीठ लवकर कडू होतं.

कढीलिंब
रानवाट, ती मेसवर जेवते. भाकरी थापणार कुठे?

पैलतीर
मी न्यू जर्सीत असते. इकडे इन्स्टंट पॉटमध्ये, म्हणजे विजेच्या कुकरमध्ये, रविवारी पाच डाळींचं वरण करून फ्रीझ करते, आठवडाभर बघायला नको. तुम्हीही करून बघा. शिवाय केल नावाची पालेभाजी मिळाली तर उत्तम, नाहीतर पालक.

खिडकीपाशी
कढीलिंब, ४००० मेस धरून. मेसचे ३२०० जातात, दोन्ही वेळचं. खोलीत गॅस, इंडक्शन काही चालत नाही, मालकीणबाईंनी करारातच लिहून घेतलंय. पाणी तापवायची किटली तेवढी आहे. फ्रिज नाही. दूध-दही चालतं. वजन ४७. मेसमध्ये चपात्या ३, भात, पातळ वरण आणि बहुतेक वेळा बटाट्याची नाहीतर फ्लॉवर-बटाट्याची भाजी.
गोळ्या दिल्यात हो, लोहाच्या आणि बी १२ च्या. पण मला गोळ्यांवर राहायचं नाही, खाण्यातून वाढवायचं आहे.

कढीलिंब
म्हणजे खरं बजेट ८०० रुपयांचं आहे, ४००० चं नाही. हे आधी सांगायचं ना बाळा.

दवाखाना_पाळी
मी परिचारिका आहे, २२ वर्षं झाली. खाण्याचं नंतर, आधी गोळ्यांचं. बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे कमी, आणि ९.१ हे नुसत्या खाण्याने भरून येत नाही. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्यात तितके दिवस पूर्ण घे. बरं वाटलं म्हणून पंधरा दिवसांत सोडणाऱ्या मुली मी रोज बघते, तीन महिन्यांनी त्याच पुन्हा येतात. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नको.
आणि एक सांग, गोळी कशाबरोबर घेतेस? पाळीत जास्त जात असेल तर ते इथे लिहू नकोस, पण डॉक्टरांना नक्की सांग. लाजू नको. कारण तिथे असेल तर कितीही खाल्लंस तरी गळकी बादली भरल्यासारखं होईल.

हिरवी_पालवी
बी १२ बद्दल बोलायला आले. मी ६ वर्षं व्हीगन आहे, म्हणजे दूध-दहीसुद्धा घेत नाही. वनस्पतीत बी १२ नसतं, हे मान्य करून मोकळं व्हायचं आणि गोळी घ्यायची. स्पिरुलिना (शेवाळाची पूड), मोड आलेली कडधान्यं, आंबवलेलं इडलीचं पीठ यातून मिळतं असं कुणी सांगेल, ऐकू नका. स्पिरुलिनात असतं ते आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही. आणि दुधावर पैसे घालवू नका, त्या पैशात सोयाबीन वड्या घ्या. १०० ग्रॅम कोरड्या वडीत ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, इतक्या स्वस्तात दुसरं काही नाही.

तांब्यातलं_ताक
दूध सोडायला का सांगता? तिने स्वतः लिहिलंय की चालतं. अंडंही न खाणाऱ्या मुलीला अन्नातून थोडंफार बी १२ मिळतं ते दुधा-दह्यातूनच. तुमचा निर्णय तुमच्यापाशी ठेवा, आजारी मुलीवर लादू नका.

हिरवी_पालवी
लादत नाहीये. पाव लिटर दूध रोज म्हणजे महिन्याला ४०० च्या वर. ८०० मधले अर्धे गेले. फक्त पैशाचा हिशोब सांगते आहे.

तांब्यातलं_ताक
दह्याचं छोटं पाकीट एक दिवसाआड. तेवढं बसतं.

उंबरठा_७
जरा वेगळा प्रश्न. माझ्या ११ महिन्यांच्या बाळाला नाचणी सत्त्व रोज दिलं तर चालेल का? सासूबाई म्हणतात सर्दी होते.

कढीलिंब
उंबरठा, वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

खिडकीपाशी
दवाखाना काकू, लोहाची गोळी सकाळी चहाबरोबर घेते, म्हणजे विसरत नाही. चहा बंद करा म्हणू नका, तेवढ्यावरच अभ्यास चालतो.

दवाखाना_पाळी
हेच विचारत होते! चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. गोळी घेतेस आणि त्याच घोटाबरोबर वाया घालवतेस. रिकाम्या पोटी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घे, मळमळलं तर जेवणानंतर घे, पण आधी-मागे किमान तासभर चहा नको, दूधही नको. जेवणानंतर लगेचचा चहा पण तसाच. मेसमधून निघालं की कोपऱ्यावर कटिंग, हे सगळ्या मुलींचं ठरलेलं असतं.

आकडेमोड
दिवसाला चहा किती? आणि टपरीवर की किटलीत?

खिडकीपाशी
टपरीवर. ४, कधी ५. १२ रुपयाला एक.

आकडेमोड
४ धरू. दिवसाला ४८, महिन्याला १४४०. तू खाण्यासाठी ८०० ठेवलेत आणि चहाला त्याच्या जवळजवळ दुप्पट जातात. चहा बंद कर म्हणत नाही. २ वर आण, ७२० सुटतात, म्हणजे तुझ्याकडे १५०० च्या वर झाले.
आता प्रथिनं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुला ३९ च्या आसपास. चपाती-भातातून २० ते २५ निघतील, पातळ वरणाचं मी फारसं धरत नाही. वर ५० ग्रॅम शेंगदाणे, साडेबारा ग्रॅम, साधारण ८ रुपये. ५० ग्रॅम मूग किंवा मटकी, १२ ग्रॅम, ६ रुपये. झालं की. लोहाचं मात्र अवघड आहे, बायकांना तिथे दिवसाला २९ मिलिग्रॅम सांगितलंय, म्हणून दवाखाना ताई म्हणतात ते गोळ्यांचं आधी ऐक.

शिदोरी
मी १९९८ ते २००१ सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिले, तेव्हाही गॅस नव्हता. मी काय करायचे ते सांगते. रात्री मूठभर मूग भिजत घालायचे, सकाळी उपसून ओल्या रुमालात घट्ट गाठ मारून खिडकीच्या गजाला टांगायचे. दुसऱ्या दिवशी मोड. कच्चे खाऊ नकोस, पोट बिघडेल. अर्ध्या लिटरचा स्टीलचा थर्मास घे. त्यात आधी उकळतं पाणी घालून तो आतून गरम करायचा, ते पाणी ओतून टाकायचं, मग मोड आलेले मूग आणि पुन्हा खळखळतं पाणी, झाकण घट्ट. तासाभराने उघडलंस की दाणा बोटात सहज दबतो. मीठ, लिंबू, दाण्याची चटणी. वाफेबरोबर जो वास येतो ना, तो मला आजही त्या खोलीत नेतो.
किटलीत मात्र काही शिजवू नकोस, बुडाला लागतं आणि किटली जाते. सोयाबीन वड्यासुद्धा याच थर्मासात फुगतात, दोनदा पिळून घे म्हणजे उग्र वास जातो.

हिरवी_पालवी
थर्मासात राजमा कधीही करू नका. नीट उकळला नाही तर विषबाधा होते, उलट्या-जुलाब. मूग, मटकी, मसूर ठीक.

रानवाट
गाव कोणतं तुझं? घरून काही येतं का?

खिडकीपाशी
जिंतूरकडचं. घरी सांगितलं नाही अजून, आई लगेच परत बोलावेल. मागितलं तर पाठवतील तसं.

रानवाट
मग ८०० चा प्रश्नच कुठे राहिला? तुमच्याकडे शेंगा, तीळ, जवस, कारळ घरचं असतं. रिपोर्टचं सांगू नको, चटणी संपली म्हण. जवसाची, कारळाची, तिळाची चटणी, भाजलेले शेंगदाणे, एक ढेप गूळ, फुटाणे. एसटीने पार्सल येतं. बाजरीच्या तिळाच्या कडक भाकरी आठवडाभर टिकतात, त्याही मागव.

कढीलिंब
आईला रिपोर्टचं सांगावं असं मला वाटतं. लपवून ठेवायची गोष्ट नाही. पण ते तुझं तू ठरव.
मेसवाल्या ताईंशी बोललीस का? माझ्या बहिणीची मेस आहे, त्यामुळे आतलं माहिती आहे. 'जेवण चांगलं द्या' म्हटलं की कुणाला काही कळत नाही. नेमकं माग. 'भाताऐवजी वरणाची एक वाटी जास्त, आणि ती पातेल्याच्या तळातली.' बुधवार-शनिवार मटकीची उसळ करता येईल का विचार, दोन-चार मुली मिळून विचारा. पालेभाजी रोज नाही जमणार त्यांना, निवडायला माणूस लागतो. पण मुली आळीपाळीने निवडून देणार असतील तर ताई हो म्हणतील. मंडईत संध्याकाळी उशिरा मेथी-चवळई-राजगिऱ्याच्या जुड्या स्वस्तात काढतात.

वाटसरू_म
शिवभोजन थाळी आहे की १० रुपयांत. २ चपात्या, भाजी, वरण, भात. २०२० पासून.

आकडेमोड
तिने मेसचे पैसे भरलेत. आणि तिथेही चपाती, भात, वरण हेच आहे, तिला कमी पडतंय ते वेगळं. ज्यांना मेसच परवडत नाही त्यांच्यासाठी मोलाची आहे, जवळचं केंद्र सुरू आहे का ते आधी बघून जा.

खिडकीपाशी
सगळ्यांचे आभार. उशीर झाला लिहायला. १० दिवस झाले, चहा २ वर आला आहे, दुपारचा सोडला. पहिले तीन दिवस डोकं फार दुखलं. गोळी आता पहाटे लिंबूपाण्याबरोबर घेते. आईला सांगितलं. रडली, पण बोलावलं नाही. रविवारी पार्सल आलं, त्यात कारळाची चटणी दोन किलो आहे, अख्खा मजला खातोय. ताईंनी शनिवारी उसळ केली. रक्त पुढच्या महिन्यात परत तपासायचं आहे, डॉक्टरांना बाकीचंही सांगितलं, काकू.
एकच अडतंय. मटकीला मोड येतात पण चिकट होते आणि आंबूस वास येतो. काल सगळी टाकून दिली, फार वाईट वाटलं. काय चुकतंय?

शिदोरी
टांगतेस की डब्यात ठेवतेस?

खिडकीपाशी
डब्यात. झाकण लावून. खिडकीला टांगलं तर मालकीणबाई बोलतात.

शिदोरी
तेच. बंद डब्यात घाम धरते. चाळणीत ठेव, खाली ताटली, वर ओला रुमाल, आणि सकाळ-संध्याकाळ एकदा धुऊन पूर्ण निथळू दे. मोड अर्ध्या बोटाएवढा झाला की लगेच थर्मासात घाल, फ्रिज नाही तर ठेवायची नाही. एका वेळी एकच मूठ भिजव.