आप्पांचं हमालीचं काम लिहायचंय, पण कुणाच्या तोंडून?

कोपरखैरणे_सेक्टर: आमचे आप्पा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. मूळचे पाटण तालुक्यातले. आता घरीच असतात, संध्याकाळी बोलायला लागले की मी मोबाईलवर रेकॉर्ड करते.

पण दुःखाचं ते काही सांगतच नाहीत. सांगतात काय, तर गाडी लागली की मागचा फाळका (लाकडी झडप) पाडायचा. दोघं वर चढून गोण पाठीवर देणार, बाकीचे गाळ्यात नेणार. गोण मानेच्या जरा खाली, मधोमध बसली पाहिजे. एका अंगाला कलली की कंबर गेलीच समजायची. पावसात ताग भिजला की तीच गोण जड होते, पण वाराई (माल चढवा-उतरवायची मजुरी) तेवढीच. थप्पीचा एक थर आडवा, एक उभा. नाहीतर वरचा माल घसरतो. मग मुकादम, टोळी, कुठल्या शेठचा माल कधी आला. तासभर हेच.

यावर कविता लिहायला बसले की घाम, भाकरी, मूठ आपोआप येतात. एका संमेलनात वाचली, टाळ्या पडल्या. आप्पांना ऐकवली तर म्हणाले, "बरी हाय. पण ह्यात माल कुठाय?"

गद्यात लिहू का? आणि 'मी' कोण? आप्पांच्या तोंडून लिहिलं की नाटकी होतं. माझ्या तोंडून लिहिलं की ते नुसते बघायला ठेवल्यासारखे वाटतात.

वागळेचा_फिटर: ताई, आप्पांनी समीक्षाच केली की! कवी नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' आलं १९६६ साली. तेव्हा घाम-भाकरी हे शब्द त्यांनी स्वतः गिरणीत आणि रस्त्यावर कमावलेले होते. आपण ते उसने आणतो. मी वागळे इस्टेटला लेथवर होतो. पोलाद कापताना त्याची चीप, म्हणजे किस, निळी निघाली की समजायचं, ताप वाढलाय, टूल जाणार. आमचं निम्मं आयुष्य त्या रंगाकडे बघण्यात गेलं, पण कामगारांच्या कवितेत मशीन नेहमी नुसती धडधडते. गोण पाठीवर कशी बसते तेच लिहा, गद्यात.

लाल_डबा_ठाणे: फिटरकाका, अर्धंच पटलं. नुसतं उचलायचं कसं ते लिहिलं तर माहितीपत्रक होईल. १९६९ चा माथाडी कायदा का करावा लागला? सकाळी एका शेठचा माल, दुपारी दुसऱ्याचा, त्यामुळे हमालाचा मालक कोण हेच कुणी कबूल करत नव्हतं. म्हणून बोर्ड आलं, मालक आणि कामगार दोघांची नोंदणी आली, फंडासाठी मालकाने मजुरीवर वेगळी भरायची लेव्ही आली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचं नाव घेऊन पुतळ्याला हार घालणं सोपं आहे. वाराई तेवढीच, हे वाक्य ताईंनी जाता जाता लिहिलंय बघा. राग तिथं आहे. आप्पांना हिशोब विचारा, दुःख विचारू नका.

घणसोली_नाईट: नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं 'कथा मुंबईच्या गिरणगावची' हे गिरणी कामगारांच्या आठवणींचं पुस्तक मिळवून वाच. माणसं आपापल्या तोंडाने बोलतात. तुझे प्रश्न पुसू नकोस, दोघांचे 'मी' राहू देत. आप्पा जिथं विषय बदलतात तिथं बदललेलाच ठेव. (आणि बॅकअप घे. माझ्या आजीचं सगळं बोलणं जुन्या फोनबरोबर गेलं.)

कोपरखैरणे_सेक्टर: बॅकअप घेतला. काल हिशोब विचारला. ओल्या गोणीपासून सुरू झाले ते किती गोणी उतरल्या आणि किती कागदावर चढल्या इथपर्यंत आले. आवाज चढलेला, आई आतून बघायला आली. मग म्हणाले, हे सगळं लिही, पण मुकादमाचं नाव घालू नको, तो अजून आपल्या भिशीत हाय.