तह, करार की युती?

जपानी आरमाराच्या इतिहासावरचा एक मजकूर मराठीत आणतेय. १९०२ ची ब्रिटन-जपान 'अलायन्स', रशिया-जपान युद्ध संपवणारी १९०५ ची पोर्ट्समथची 'ट्रीटी' आणि १९२२ ची वॉशिंग्टनची 'ट्रीटी', तिन्हींना मी 'तह' लिहिलं. संपादक विचारतात, १९०२ मध्ये या दोघांची लढाई कधी झाली होती?

— संपादकांचं बरोबर आहे. तह म्हटला की आधी लढाई आलीच. पुरंदरचा तह, सालबाईचा तह. पोर्ट्समथला मात्र तहच लिहा, दुसरा शब्द नकोच. बाल्टिकमधून अर्ध्या जगाला वळसा घालून आलेलं रशियन आरमार जपानी ॲडमिरल तोगोने मे १९०५ मध्ये त्सुशिमाजवळ दोन दिवसांत संपवलं. जपानी लोक युद्धखर्चाच्या भरपाईची वाट बघत होते. छदाम मिळाला नाही, साखालिन बेटही अर्धंच. ज्या दिवशी सह्या झाल्या त्याच दिवशी, ५ सप्टेंबरला, तोक्योच्या हिबिया बागेत दंगल पेटली आणि शहरभर पोलीसचौक्या जळाल्या. 'युद्धात कमावलं, तहात गमावलं' हे आपलं वाक्य तिथे जसंच्या तसं बसतं.

— मग १९०२ ला 'युती'?

— अर्थाने चालेल, पण हल्ली युती म्हटलं की जागावाटप आठवतं!

— 'मैत्री करार'ही गुळमुळीत वाटतो. अट रोखठोक होती: एकाच शत्रूशी लढाई असेल तर दोस्ताने तटस्थ राहायचं, दुसरा शत्रू उतरला तरच मदतीला जायचं. १९०५ च्या नव्या मसुद्यात तर हिंदुस्थानच्या सरहद्दीचं रक्षणही आलं. मी 'संरक्षण करार' लिहीन.

— आणि वॉशिंग्टन? तिथे लढाई नाही, दोस्तीही नाही. ब्रिटन, अमेरिका आणि जपानच्या मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण ठरलं, ५:५:३.

— करारच. आणि 'प्रमाण'च ठेवा, 'गुणोत्तर' शाळेच्या फळ्यावर राहू दे. जपानला दहास सात हवे होते, सहावर मानावं लागलं. मानणारे जपानचे प्रतिनिधी काटो तोमोसाबुरो हे त्सुशिमाच्या लढाईत तोगोच्याच जहाजावर त्याचे चीफ ऑफ स्टाफ होते.

— एक पेच उरतो. पुढे जपानी आरमारात दोन तट पडले, वॉशिंग्टन मानणारे 'जोयाकु-हा' आणि त्याला विरोध करणारे 'कांताई-हा'. कांताई म्हणजे ताफा, तेव्हा दुसरे 'ताफावाले'. जोयाकु म्हणजे 'ट्रीटी', आणि हा शब्द जपानीत पोर्ट्समथलाही आणि वॉशिंग्टनलाही. पहिल्यांना 'करारवाले' म्हणू?

— नियमाने हो. पण ताफावाल्यांच्या तोंडी मी 'तहवाले'च घालीन. त्यांच्या लेखी वॉशिंग्टनलाही तहात गमावलंच होतं.