आकडे बघून गाणं बदलायचं का? (शास्त्रीय गायक, रील्स आणि कमेंटवाले)

खर्जातला
मी शास्त्रीय गातो आणि पोटासाठी शिकवतो, त्यामुळे हे बाहेरून बघून लिहीत नाहीये. आमच्या लायनीत जो बदल झालाय त्यावर खासगीत सगळे बोलतात, उघड कुणी नाही, म्हणून धागा काढला. नेटवर नुसतं रेकॉर्डिंग टाकायचो तोवर काही त्रास नव्हता, ज्याला ऐकायचं तो ऐकायचा. आता नेट उलट बोलतं. क्लिप टाकली की यूट्यूब आलेख काढून दाखवतं, कुठल्या सेकंदाला किती लोक गळाले. आणि विलंबितात, म्हणजे सुरुवातीच्या संथ लयीत, लोक गळतातच हो! मग पुढच्या वेळी माणूस काय करतो, थेट द्रुत म्हणजे जलद लय, तार षड्जावर (वरच्या 'सा'वर) मुक्काम, एक लांब सपाट तान आणि तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन केलेला शेवट). माझ्याकडे एक मुलगा शिकतो, गळा फार सुरेल, पण विलंबित एकतालाचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक अख्खा फेरा, भरायला बसवलं की चुळबुळ सुरू. 'सर, ती परवाची सरगम द्या ना, ती चालते.' चालते म्हणजे काय? क्लिपा खुशाल टाका, पण आकडे बघून गाणं बदलू नका, एवढंच म्हणणं आहे.

वन्समोअर
साफ असहमत. ऐकणाऱ्याच्या दादेवर गाणं बदलतं यात नवीन काय आहे? बालगंधर्वांच्या नाटकांना वन्स मोअरवर वन्स मोअर पडायचे आणि प्रयोग रात्रभर चालायचे, म्हणजे पद किती रंगवायचं हे तिकीट काढून बसलेला माणूस ठरवतच होता की. थोडक्यात गाण्याचं म्हणाल तर १९०२ साली गायिका गौहरजानने कलकत्त्यात तबकड्या दिल्या तेव्हा एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यात आलाप, बंदिश, ताना सगळं बसवलं आणि शेवटी 'माय नेम इज गौहरजान' म्हणून स्वतःचं नावही पुकारलं. तेव्हाही गाणं बुडालं म्हणून ओरड झालीच असणार. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी तबकडी दिली नाही, तत्त्व सांभाळलं, पण आज त्यांचा आवाज कुणाला ऐकायला मिळतो का सांगा.

खर्जातला
@वन्समोअर आवाज नाही मिळत, गाणं मिळतं ना! त्यांच्या शिष्या केसरबाई, मोगूबाई कुठून आल्या मग? समोर बसून तालीम घेतली म्हणून आल्या. आणि तबकडीची तुलना इथे बसत नाही. तबकडी तीन मिनिटांची होती पण एकदा दिली की दिली, कंपनी रोज रात्री येऊन सांगत नव्हती की बाई, चाळिसाव्या सेकंदाला जरा कंटाळा आला लोकांना.

वन्समोअर
केसरबाईंचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून, १९७७ च्या व्हॉयेजर यानावर जी सोन्याची तबकडी गेलीय त्यात त्यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. थोडक्यात गायलं म्हणून गाणं उथळ होत नाही. तुमच्या त्या मुलाला चुळबुळ होतेय तो तालमीचा प्रश्न आहे, मोबाइलवर ढकलू नका. (जरा कडक झालं, पण असो.)

समेवर_भेटू
दोघेही गवयांचंच बोलताय, साथीदारांचं कुणी बोलणार का? मी तबला वाजवतो. ऑनलाइन शिकवणीत साथ करताच येत नाही, आवाज पोचायला जो उशीर लागतो तेवढ्यात मात्रा निघून जाते, गवई समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आणि मी अजून मागच्या फेऱ्यातल्या तेराव्या मात्रेवर. मार्च २०२० ला नाट्यगृहं बंद पडली तेव्हा सगळ्यांनी ॲपवरचा तबला लावून शिकवण्या सुरू केल्या, नाट्यगृहं उघडली पण ॲप काही गेलं नाही, कारण ते चहा मागत नाही आणि रिक्षाचे पैसेही मागत नाही. पण खरं सांगू का, माझी स्वतःची निम्मी कामं सोलोच्या रील्स बघूनच येतात त्यामुळे शिव्या तरी कुठल्या तोंडाने घालू. खटकतं ते एकच, हल्ली आयोजक फोन करतो तेव्हा आधी फॉलोअर किती विचारतो आणि मानधनाचा विषय त्यानंतर निघतो, कुणाकडे शिकलात हे तर कुणी विचारतच नाही.

डेट्रॉइटची_वहिनी
मला इथे थोडं बोलू द्या. मी मिशिगनमध्ये राहते, सांगलीच्या बाईंकडे शिकते, माझ्या सकाळी सातला त्यांचे दुपारचे साडेचार आणि हिवाळ्यात आमची घड्याळं मागे गेली की साडेपाच. सुरुवातीला माझा तानपुरा त्यांना ऐकूच जायचा नाही, मध्येच गायब. झूमला सलग चालणारा आवाज पंख्याची घरघर वाटते आणि ते गाळून टाकतं, ओरिजिनल साउंड चालू केल्यावर जमलं. लग्न होऊन दोन मुलं झालेल्या बाईला पूर्वी कुठल्या उस्तादाने गंडा बांधला असता, म्हणजे शिष्या करून घेतलं असतं हो? आणि मला या बाई सापडल्या त्यांच्या क्लिपखाली कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तरातून, मारवा रागात षड्ज का टाळतात यावर भलंमोठं लिहिलं होतं त्यांनी. तेव्हा कमेंटवाले सगळे वाईट असं नका म्हणू.

खर्जातला
@डेट्रॉइटची_वहिनी शिकवणीबद्दल माझी तक्रारच नाही वहिनी, माझेही विद्यार्थी बाहेर आहेत, घरभाडं त्यावरच निघतं. तक्रार मैफलीबद्दल आहे. तुम्ही मारव्याचं काढलंत तर ऐका. मी लाइव्ह करत होतो, संध्याकाळची वेळ, मारवाच लावलेला, कोमल रिषभ जरा कुठे सापडत होता, तर स्क्रीनवर एक जण 'भैरवी घ्या ना', मग दुसरा 'हो भैरवी', तिसऱ्याने अभंगाची फर्माईश टाकली, आणि या सगळ्यावर हार्ट उडतायत. पहिलाच राग, आणि मैफल संपवताना गातात ती भैरवी! समोर माणसं असती तर निदान कुणाच्या तरी मानेवरून कळलं असतं की सूर पोचतोय. लक्ष गेलं की मग जात राहतं.

वन्समोअर
मग गाताना चॅट बंद ठेवा, ती सोय आहे. गुलाबराव जाधवांच्या लग्नात गायलात तरी भैरवीची फर्माईश येईलच (गुलाबराव काल्पनिक, कुणी मनावर घेऊ नये).

समेवर_भेटू
चॅट बंद केलं की लोक कमी थांबतात साहेब, करून बघितलंय.

मागच्या_रांगेतला
एवढं भांडताय, कुणीतरी स्वतःच्या गाण्याची लिंक टाका की.

खर्जातला
@मागच्या_रांगेतला टाकली असती, पण यमनमधली पारंपरिक बंदिश, 'एरी आली पियाबिन', पिढ्यान् पिढ्या सगळे गातात ती, तिच्यावर एका कंपनीचा कॉपीराइट क्लेम आलाय. आवाज माझा, तानपुरा माझा. यंत्राला ते कुणाच्या तरी रेकॉर्डिंगसारखं वाटलं. हरकत घेतलीय, उत्तर नाही.

वन्समोअर
हे मात्र चूक आहे, इथे तुमच्या बाजूने. मूळ मुद्द्यावर अजूनही नाही. आकडे बघू नका म्हणणं सोपं आहे, पण पंचविशीतल्या पोराला कार्यक्रम देताना आयोजक तेच बघणार असेल तर ते पोर काय करेल? त्याला सांगण्यापेक्षा आयोजकांना सांगा.

समेवर_भेटू
आयोजकांना काय सांगायचं ते जरा नेमकं लिहा बुवा. गणपतीच्या कार्यक्रमासाठी उद्या एकाला फोन करायचाय आणि तो फॉलोअर विचारणार हे नक्की.